सुजलेले पित्ताशय, थकलेला रुग्ण

'पित्त' हा आपल्या बोलण्यातला मोठा फसवा शब्द. छातीत जळजळले की पित्त, डोके दुखले की पित्त, लग्नाच्या जेवणानंतर उलटी झाली तरी पित्तच. त्यामुळे रिसोड किंवा मानोरा तालुक्यातली सत्तरी ओलांडलेली आजी 'उजव्या बरगडीखाली दुखते' म्हणाली, की घरचे आधी पित्ताची गोळी देतात. दोन दिवस त्यातच जातात. तिसऱ्या दिवशी आजी जेवत नाही, बरळू लागते, आणि सोनोग्राफीत दिसते ते तट्ट फुगलेले, भिंत जाड झालेले पित्ताशय. त्याच्या मानेत खडा अडकलेला असतो. ताप असेलच असे नाही. वय झालेले आणि त्यात मधुमेह, तर पोट हाताला मऊसुद्धा लागते. बरगडीखाली हात ठेवून दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे आणि तो मध्येच अडतो का ते पाहायचे, ही मर्फी यांची जुनी तपासणी आजही करायचीच. पण श्वास अडला नाही म्हणून निर्धास्त व्हायचे नाही.

वाशिमला २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हे लिहिताना तिथे शिकणारी मुलेमुली माझ्यासमोर आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळी करणारे डॉक्टरही. या विषयात तुमचे मनापासून स्वागत आहे. तो वाटतो तितका मोठ्या शहरांचा नाही.

पित्ताशय काढणे ही जुनी शस्त्रक्रिया. कार्ल लांगेनबुख यांनी ती १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये प्रथम केली. भारतात ती दुर्बिणीतून करण्याची सुरुवात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. धडधाकट चाळिशीच्या माणसाचे पित्ताशय सुजले, तर आज फारसा वाद उरलेला नाही: पहिल्या काही दिवसांतच ते काढावे. वाद आहे तो आजीसारख्या रुग्णाचा. हृदय कमजोर, मूत्रपिंडे थकलेली, वर रक्त पातळ करणारी गोळी चालू. तिला भूल द्यायची का?

बरीच वर्षे उत्तर होते, देऊ नका, नळी टाका. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून, यकृतातून वाट काढत सुई पित्ताशयात न्यायची आणि तिच्या मागाने बारीक नळी सरकवायची. सिरिंजमध्ये गढूळ, कधी काळपट, कधी पुवाने पांढुरके पित्त येते. दाब उतरला की अनेकदा दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून चहा मागतो. ज्याने हे एकदा पाहिले त्याचा नळीवर विश्वास बसणारच. माझाही बसला होता.

पण खडा आतच असतो. नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात जोखमीच्या १४२ रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली, काहींना नळी टाकली. गंभीर गुंतागुंत शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के, तर नळीच्या गटात ६५ टक्के निघाली, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही. शिवाय सर्वांत अत्यवस्थ रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, आणि शस्त्रक्रिया करणारे हात मुरलेले होते. आकडा वाचताना ही दोन्ही वाक्ये सोबत वाचावीत. त्याच वर्षीच्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांनीही अवयव निकामी होऊ लागलेल्या काही निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेची दारे उघडली, पण तज्ज्ञ केंद्रातच.

इथे वाशिमचा प्रश्न येतो. नातेवाइकांपुढे आपण 'हाय रिस्क कन्सेंट'चा कागद ठेवतो, जणू जोखीम सगळी आजीच्या अंगात आहे. माझ्या मते ती निम्मी आपल्या इमारतीत असते. रात्री भूलतज्ज्ञ येऊ शकतील का? अतिदक्षता विभागात खाट आहे का? नसेल, तर मालेगाव-पातूरमार्गे अकोला सुमारे ८० किलोमीटर. हा रस्ता आजीला आज झेपेल का? झेपणार नसेल, तर आज नळी टाकणे हाच शहाणपणा. पण नळी म्हणजे घरी पाठवणी नव्हे. ती काही आठवडे ठेवावी लागते, सलाईनने धुवावी लागते, कुशीवर वळताना निसटते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आजीला तपासणीला कोण आणणार, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिण्याइतके महत्त्वाचे आहे.

विदर्भात आणखी एक रुग्ण भेटेल: सिकलसेलचा, वयाने कोवळा. रक्तपेशी सतत फुटत राहिल्याने त्याला रंगद्रव्याचे खडे होतात, आणि भुलेत प्राणवायू, पाणी किंवा ऊब कमी पडली तर पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. जोखीम वयावरून मोजायची सवय तो मोडून काढतो.

एंडोस्कोपीने पोटाच्या आतूनच पित्ताशयात धातूची स्टेंट बसवण्याची तिसरी वाट मोठ्या केंद्रांत रुळते आहे. बाहेर लोंबणारी नळी नाही, हा तिचा मोठा दिलासा. तिचा विचार पुढे स्वतंत्र केला आहे.

सुरुवात मात्र सोनोग्राफीच्या खोलीतून करू. आजीला डाव्या कुशीवर वळवले आहे. खडा हलतो की मानेतच रुतून राहतो, ते आता दिसेल.