आझाद दस्ता आणि धान्याची कोठी

आम्ही मुलांना इतिहास शिकवतो. उर्दू माध्यमाच्या वर्गात 'हिंदुस्तान छोड दो तहरीक' हा धडा दरवर्षी येतो. गवालिया टँक, ८ ऑगस्ट १९४२, 'करेंगे या मरेंगे', पुढाऱ्यांची धरपकड, एवढे मुलांकडून पाठ करून घेतले की धडा संपला, असे आम्ही समजत होतो. ज्या मुरबाड तालुक्यात आमचे घर आहे, त्याच तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात या तहरीकसाठी दोन माणसांनी जान दिली, हे त्या धड्यात नव्हते. आम्हीही ते कधी सांगितले नाही. खरे म्हणजे आम्हाला नावापलीकडे काही माहीतच नव्हते. ते शिकण्याची वेळ आमच्यावर आली ती २०२० साली, शाळेला कुलूप लागल्यावर.

मार्च २०२०च्या मध्यावर शाळा बंद झाल्या, २४ तारखेच्या रात्रीपासून सगळा देशच बंद झाला. आम्ही शहरातली भाड्याची खोली सोडून टोकावड्याला अब्बांकडे आलो. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एरवी भाजीचे टेम्पो, नगरच्या गाड्या, पावसाळ्यात धबधबे पाहायला निघालेली मुंबईची माणसे यांनी रस्ता कधी मोकळा नसतो. त्या दिवसांत त्यावर फक्त पायी चालणारी माणसे दिसत. वीटभट्ट्यांवरून परतणारी कातकरी कुटुंबे डोक्यावर भांड्यांची गाठोडी घेऊन घराकडे निघाली होती.

सरकारने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी मोहीम काढली. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात. टोकावड्यात आमच्या फोनला रेंज मिळायची ती गच्चीच्या एका कोपऱ्यात. तिथे उभे राहून आम्ही दहा मुलांना आवाज द्यायचो, त्यातली चार उत्तर द्यायची. बी.एड. झालेले, पगार चालू असलेले, पण कुणाच्याही उपयोगाचे नसलेले, अशी आमची अवस्था होती. जगभर माणसे मरत होती आणि आम्ही गच्चीवर रेंज शोधत होतो. रात्री झोप येत नसे. मग आम्ही अब्बांच्या किराणा दुकानात बसू लागलो.

एप्रिलमध्ये दुकानावर आणखी एक सावट आले. दिल्लीतल्या तबलिगी मेळाव्याच्या बातम्या दूरचित्रवाणीवर दिवसरात्र चालू होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांची काही गिऱ्हाइके रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागली. कुणी वाईट बोलले नाही, फक्त नजर चुकवली. पुढे ऑगस्ट २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले, असा अभिप्राय नोंदवला. पण एप्रिलमध्ये हे कुणाला ठाऊक होते? अब्बा म्हणाले, "दुकान उघडं ठेवायचं. ज्याला यायचं तो येईल."

आला तो एक म्हातारा शेतकरी, सिद्धगडाच्या अंगाच्या वाडीतला. लेकीकडे आला होता, तिथेच अडकला होता. तांदूळ घेताना त्याने आम्हाला विचारले, "गुरुजी, दोन जानेवारीला तुम्ही सिद्धगडावर येता का कधी?" आम्ही नाही म्हणालो. तो बाकावर बसला आणि भाई कोतवालांची गोष्ट सांगू लागला. आम्हाला वाटले, आता विजेच्या खांबांची आणि गोळीबाराची गोष्ट येणार. पण त्याने सुरुवात केली ती भातापासून. "सावकाराच्या सवाईतनं माणसं सुटावीत म्हणून भाईंनी धान्याच्या कोठ्या काढल्या होत्या," तो म्हणाला. सवाई हा शब्द ऐकताच अब्बांनी मान खाली घातली. त्याचे कारण आम्हाला नंतर कळले.

ही सवाई काय होती, ते आज सांगावे लागते. आपल्या भातपट्ट्यात आषाढ-श्रावणात घरातले भात संपते. नेमकी तेव्हाच लावणीची कामे असतात आणि पोटाला जास्त लागते. मग शेतकरी सावकाराकडून किंवा दुकानदाराकडून खावटी उचलायचा. दिवाळीनंतर भात झोडले की परत करायचे. मणाला सव्वा मण दिले तर ती सवाई, दीड मण दिले तर दिढी. मुदत जेमतेम चार-पाच महिन्यांची. फेड झाली की कणगी पुन्हा रिकामी आणि पुढच्या आषाढात पुन्हा तोच उंबरठा.

दुसऱ्या महायुद्धाने ही कोंडी आणखी आवळली. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून जपानच्या हातात गेले. ब्रह्मदेशचा तांदूळ मुंबई बंदरात येणे थांबले. हवाई हल्ल्याच्या धास्तीने माणसे मुंबई सोडून जाऊ लागली. तांदूळ, रॉकेल, कापड, सगळेच महागले. मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू करावे लागले आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. युद्ध कुठे युरोपात आणि ब्रह्मदेशात चालले होते, पण त्याची झळ सह्याद्रीच्या पायथ्याच्या कणगीपर्यंत पोहोचली होती.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे हवा खाण्याचे ठिकाण. तिथली छोटी रेल्वेसुद्धा आदमजी पीरभॉय या मुंबईच्या मुस्लिम व्यापारी घराण्याने १९०७मध्ये पुरी केली. वर बंगले आणि खाली दरीत ठाकूर, कातकरी, कुणबी यांच्या वाड्या. या दोहोंच्या मधल्या वाटेवर वाढलेल्या मुलाने वकिलीची पदवी मिळवली. कोट चढवून न्यायालयात उभे राहिला असता तर घराचे दारिद्र्य एका पिढीत फिटले असते. पण तो दरीतल्या वाड्यांकडे वळला. शेतकऱ्यांसाठी त्याने शाळा काढल्या. लोक त्यांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. शिकवणारेही तिथलेच तरुण. आणि युद्धाच्या टंचाईत धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या.

कोठीचे गणित पहिलीतल्या मुलालाही समजेल. हंगामात ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भात एका जागी घालायचे, पावसाळ्यात गरजू घराने त्यातून न्यायचे, पुढच्या हंगामात परत आणून टाकायचे. गणित सोपे, पण ते चालवणे अवघड. कुणी किती घातले, कुणी किती नेले, याची वही लागते. वही लिहायला अक्षर लागते आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही हे पाहायला दुसऱ्यालाही वाचता यावे लागते. शाळा आणि कोठी यांचे नाते आम्हाला इथे दिसले. ज्याला अंगठ्याऐवजी सही करता येते, त्याला फसवणे कठीण जाते.

ऑगस्ट १९४२ उजाडला. मुंबईचे महापौर तेव्हा युसूफ मेहेरअली होते. 'क्विट इंडिया' ही घोषणा त्यांनीच सुचवली, असे मानले जाते. महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते आणि ९ ऑगस्टला पुन्हा गजाआड गेले. तुरुंगवासाने खचलेली त्यांची प्रकृती पुढे सावरली नाही. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी ते गेले. मोठे पुढारी तुरुंगात गेल्यावर पुढे काय करायचे, हे प्रत्येक गावाने आपले आपण ठरवायचे होते. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी तुकडी उभी केली. तिचे नाव आझाद दस्ता.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाचे या नावापाशी थबकणे साहजिक आहे. सह्याद्रीतल्या शेतकऱ्यांनी आपल्या तुकडीसाठी घेतलेले दोन्ही शब्द फारसीतले! दस्त म्हणजे हात. त्यावरून दस्ता म्हणजे मूठ, जुडी, तुकडी. मराठीत कागदाचा दस्ता म्हणतो, तोही हाच. चोवीस तावांची जुडी. भाषा कुणाची हा वाद आपण आज घालतो. १९४२ साली डोंगरातल्या माणसांना तो सुचला नाही. शब्द कामाचा होता, त्यांनी तो उचलला.

दस्त्यात होते कोण? शेतकरी होते आणि त्या व्हॉलंटरी शाळांचे शिक्षकही होते. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमचेच पेशाबंधू! टाटांच्या खोपोली, भिवपुरीच्या वीजकेंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारा याच भागावरून जात. ज्यांच्या झोपड्यांत चिमणी जळत होती, त्यांच्या शेतांवरून ही वीज जायची आणि मुंबईचे युद्धकाळातले कारखाने चालवायची. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्याने विजेचे अकरा मनोरे पाडले. कारखाने आणि रेल्वे अडखळली. सरकारने कोतवालांना पकडून देणाऱ्याला इनाम जाहीर केले.

शेवटी ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोहोचला. २ जानेवारी १९४३च्या सकाळी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला घेरले. गोळीबारात हिराजी गोमाजी पाटील जागीच पडले. जखमी झालेले कोतवालही तिथेच मारले गेले. त्यांचे वय तेव्हा जेमतेम तीस होते.

जानेवारी २०२०मध्ये कोतवालांवर मराठी चित्रपट आला. त्यांच्या नावाची स्मारके आहेत. पण लोकांच्या लक्षात राहिले ते मनोरे. तारा तुटल्याची गोष्ट रंगते, भात मोजल्याची रंगत नाही. मनोरे पाडणे योग्य होते का, असे वर्गात एखादे मूल विचारील आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण तीन महिने जंगलात लपलेल्या माणसांना कुणाच्या चुलीवरची भाकरी मिळत होती, हा प्रश्न आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. आमच्या मते ज्या चुलींना आधी कोठीचे भात मिळाले, ज्या घरातल्या पोराला आधी अक्षर मिळाले, त्या घरांनी भाकरी दिली असणार. संकटात जगण्याचा मकसद सापडला, असे आपण सहज म्हणतो. कोतवालांचा मकसद संकटाने दिलेला नव्हता. तो वहीत रोज थोडा थोडा लिहिला जात होता. संकटाने त्याची कसोटी घेतली, एवढेच.

आता अब्बांनी मान का खाली घातली, ते सांगतो. म्हातारा गेल्यावर त्यांनी माळ्यावरून दादांच्या वेळच्या वह्या काढल्या. चाळीसच्या दशकातल्या. पानांवर माणसांची नावे, पुढे पायली-मणांचे आकडे आणि कित्येक नावांपुढे एक शब्द: सवाई. दादा पाच वेळचे नमाजी. रुपयावर त्यांनी कधी एक पै व्याज घेतले नाही, कारण सूद हराम. पण भातावरची सवाई त्यांना सूद वाटली नाही. ती 'वाढ' होती, चाल होती, सगळे घेत होते. म्हणजे कोतवालांनी कोठी उघडली ती आमच्यासारख्यांच्या दुकानाला पर्याय म्हणून. इतिहासात आपण नेहमी हुतात्म्यांच्या बाजूला उभे असतो, हा आमचा समज त्या दिवशी वहीसारखाच वाळवीने खाल्लेला निघाला.

अब्बा फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिले: उधारी चालू, भाव मार्चचाच. वही आमच्याकडे दिली. आम्ही तांदूळ मोजू लागलो, नाव लिहू लागलो आणि ज्याचे नाव त्याला वाचून दाखवू लागलो. घरात कागदाचा एक दस्ता होता. त्याचे ताव कापून आम्ही पाढे, गणिते, लहान लहान गोष्टी हाताने लिहिल्या आणि तांदळाच्या पिशवीबरोबर वस्तीवरच्या मुलांना दिल्या. वस्तीच्या मुलांना मराठीतून, फोन नसलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना ओळखीच्या गाडीवाल्याच्या हाती उर्दूतून. पोरे सोडवून परत पाठवत. नजर चुकवणारी गिऱ्हाइके हळूहळू परतली. पहिली परतली ती त्यांची मुले, कागद मागायला.

त्याच २०२० साली राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान योजना पुन्हा आणली. कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-वस्तूंच्या रूपात. जुना शब्द सरकारी कागदावर परतला. म्हणजे ऐंशी वर्षांनीही पावसाळ्यात कणगी रिकामीच होती.

ऑक्टोबर २०२१मध्ये शाळा पुन्हा भरू लागल्या. २ जानेवारी २०२२ला आम्ही प्रथमच सिद्धगडावर गेलो, अब्बांना घेऊन. पहाटेच्या अंधारात माणसे जमली होती, हुतात्म्यांना मानवंदना झाली. तो म्हातारा मफलर गुंडाळून उभा होता. अब्बांना पाहून म्हणाला, "चाचा, आलात!" अब्बांनी त्याचा हात धरला आणि दादांच्या वहीची गोष्ट त्याला सांगून टाकली. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला ठावं होतं. माझ्या बापाचं नाव आसंल त्यात."

ते नाव त्या वहीत आहे. दरवर्षी 'हिंदुस्तान छोड दो तहरीक'चा धडा आला की आम्ही ती वही वर्गात नेतो.