फासे, देव आणि दोन मित्र

आइन्स्टाईनचं एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. देव फासे टाकत नाही! मूळचं ते एका खासगी पत्रातलं. ४ डिसेंबर १९२६ रोजी आइन्स्टाईननं आपला मित्र मॅक्स बॉर्न याला ते लिहिलं. गंमत म्हणजे तिथं ‘देव’ हा शब्दच नाही. ‘तो म्हातारा’ असा सलगीचा उल्लेख आहे.

भांडण कशावरून होतं? १८१४ मध्ये लाप्लासनं म्हटलं होतं, की विश्वातला प्रत्येक कण आत्ता कुठं आहे आणि त्याच्यावर कोणती बलं काम करताहेत हे एखाद्या बुद्धीला कळलं, तर तिला भूतही दिसेल आणि भविष्यही. योगायोग म्हणजे आपलंच अज्ञान. कढईत लाह्या फुटतात तेव्हा कोणता दाणा आधी उडेल, हे सांगता येत नाही. पण दाण्यातला ओलावा, सालीचा टणकपणा मोजला तर सांगता येईलही. रेडियमचं मात्र तसं नाही. सुमारे १६०० वर्षांत त्याचे निम्मे अणू फुटतात, हे पक्कं. सगळे अणू एकसारखे. तरी एक आज फुटतो, दुसरा हजारो वर्षांनी. का? लाप्लासकडे याचं उत्तर नव्हतं.

१९२६ च्या उन्हाळ्यात गटिंगेनमध्ये बॉर्ननं लिहिलं, की नवं क्वांटम गणित फक्त शक्यता सांगतं. शक्यता कशी काढायची तो नेमका नियम त्यानं छपाईच्या वेळी तळटीपेत घातला! १९५४ चं नोबेल त्याला मुख्यतः याच कामासाठी मिळालं. आता पाहा, प्रकाश बाहेर टाकणारा अणू तो कधी आणि कोणत्या दिशेला टाकेल, हे १९१६ मध्ये योगायोगावर सोडलं होतं ते खुद्द आइन्स्टाईननं. पण हे आपल्या सिद्धांताचं उणेपण आहे, असंही त्यानं तिथंच नोंदवलं.

पत्रं चालूच राहिली. १९३३ मध्ये ज्यू म्हणून बॉर्नची नोकरी गेली. मग केंब्रिज, रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगलोर, आणि १९३६ पासून एडिंबरो. आइन्स्टाईन प्रिन्स्टनला. बॉर्नची समजूत कायम होती, की आपला मित्र जुन्या नियतीवादाला चिकटून बसला आहे.

तसं असतं तर १९५२ मध्ये आइन्स्टाईननं पेढे वाटायला हवे होते! त्या वर्षी डेव्हिड बोमनं योगायोगाला मूळ न मानणारा, सगळं पूर्वनिश्चित असलेला क्वांटम सिद्धांत मांडला. आइन्स्टाईननं बॉर्नला कळवलं, की हा मार्ग फार स्वस्तातला वाटतो.

१९५४ मध्ये वुल्फगांग पाउली प्रिन्स्टनला होता. हा बॉर्नचा एकेकाळचा साहाय्यक, जिभेनं तिखट. त्यानं बॉर्नला लिहिलं, की तुम्ही मनातच आइन्स्टाईनचं एक बुजगावणं उभं केलंत आणि मोठ्या थाटात ते पाडलंत. त्याचा खरा आक्षेप फाशांवर नाहीच. कोणी मोजो वा न मोजो, वस्तूला स्वतःची निश्चित अवस्था असायला हवी, एवढंच त्याचं म्हणणं. अठ्ठावीस वर्षांच्या वादानंतर हे तिसऱ्या माणसानं सांगावं लागलं, याची मला नेहमी हळहळ वाटते. साधारण वर्षभरानं, एप्रिल १९५५ मध्ये आइन्स्टाईन गेला.

१९६४ मध्ये जॉन बेलनं हा वाद प्रयोगानं तपासता येईल असं गणित दिलं. एकत्र जन्मून लांब गेलेल्या दोन कणांचे गुण आधीच ठरलेले असतील आणि इथल्या मोजणीचा तिथं परिणाम होत नसेल, तर त्यांच्या मोजमापांतल्या साम्याला एक मर्यादा पडते. १९७२ मध्ये क्लाउझर, १९८२ मध्ये पॅरिसजवळ आस्पे आणि पुढे झायलिंगर यांच्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. २०२२ चं नोबेल या तिघांना मिळालं. बोमचा सिद्धांत मात्र या प्रयोगांनी मोडला नाही, कारण लांबचा कण लांबच्या कणावर तत्काळ परिणाम करतो, हे तो आधीच मान्य करतो. आणि आइन्स्टाईनला फाशांपेक्षा जास्त सलत होती ती नेमकी हीच गोष्ट.