हातगुण

परळ, जुलै १९८२

भोंगा वाजत नाही, हे तुमच्या आधी लक्षात येतं. सकाळचे साडेसहा वाजलेत, पाऊस धरून आहे, आणि गिरणगाव गप्प आहे. १८ जानेवारीपासून संप सुरू आहे. टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या भिंतीलगत मात्र जाग आलेली. प्लास्टिकच्या कागदाखाली झोपलेली माणसं वळकट्या गुंडाळतायत, कुणी स्टोव्हला पंप मारतंय. एकेकाच्या हाताशी छातीला धरलेली फाईल. भिजली तर नंबर जाईल, आणि नंबर गेला तर इथे माणूसच गेल्यासारखा.

तुमचं वय सत्तावीस. एमबीबीएस झालं, एम.एस. झालं. घरचे समजतात, आता सर्जन झालं पोर. इथे आल्यावर कळतं की सुरुवात पुन्हा पहिलीपासून. ही इमारत २८ फेब्रुवारी १९४१ला उघडली. त्याच्या दहा वर्षं आधी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि पुढे त्यांच्या पतीच्या, सर दोराबजींच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभं केलं. ज्या रस्त्याने तुम्ही आत शिरलात त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. मूळचे गोव्याचे हे सर्जन इथेच राबले. इथल्या जिन्यांवर त्यांच्या हाताच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

ओपीडीत पहिला पेशंट गिरणी कामगार. संपात काम नाही, म्हणून दाखवायला सवड मिळाली. तोंडात जखम. तोंड किती उघडतं ते बघायला त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगायचं. जेमतेम दोन जातात. तुम्ही टॉर्च मारता आणि सांगता, "दोन सेंटिमीटर."

"डोळ्यांनी काय बघतोस? बोट घाल," सर म्हणतात.

तुम्ही बोट घालता. जखमेच्या पलीकडे, जिथे वरची त्वचा गुलाबी आणि शहाण्यासारखी दिसते, तिथेही खाली काहीतरी सुपारीच्या खांडासारखं टणक लागतं. जखम दोनची, पण रोग चारचा. डोळ्याला दिसतो त्यापेक्षा बोटाला लागतो तो कॅन्सर मोठा, हा तुमचा पहिला धडा. दुसरा लगेच पुढच्या पडद्याआड. सोलापूरकडची बाई, चाळिशी ओलांडलेली, छातीत गाठ. वर्ष झालं. "दुखत नव्हती, म्हणून काय केलं नाय." गाठ चिमटीत धरायची नाही, चिमटीत धरली की साधं मांसही गाठीसारखं लागतं. बोटं सपाट ठेवून ती छातीच्या पिंजऱ्यावर फिरवायची. मग तिच्या हाताचं ओझं स्वतःच्या हातावर घ्यायचं, म्हणजे काख सैल पडते आणि आतल्या गाठी बोटाखाली येतात. दोन आहेत.

बाहेर पुतण्या तुम्हाला कोपऱ्यात घेतो. "साहेब, काकीला नाव सांगू नका. नुसती गाठ म्हणा." काकी तीन दिवसांपासून 'कॅन्सर' लिहिलेल्या पाटीखाली बसतायत. पण हेही शिकायचं असतं, आणि त्याचं पुस्तक नाही.

ऑपरेशनला सरांच्या समोर तुम्ही उभे. आता छातीचा मोठा स्नायू बहुधा वाचवतात. स्तन मात्र पूर्ण काढायचा आणि काखेतल्या गाठीही. जखम सुरेख भरते. टाके काढायच्या दिवशी काकी तुमचा हात धरून म्हणतात, "डाक्टर, तुमच्या हाताला गुन हाय."

तुम्ही फाईलमध्ये लिहिता: टाके काढले, जखम कोरडी, तीन महिन्यांनी दाखवणे. आणि दिवसभर तो हात जरा जपूनच वापरता.

बाल्टिमोर, १८९४

'गुण' हा शब्द डोक्यात भिनण्याआधी नव्वद वर्षं मागे चला. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडून पाचच वर्षं झालीत. तुम्ही ज्या पद्धतीने शिकताय ती इथली. शिकाऊ सर्जनने रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. रेसिडेंट हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. ती शिस्त घालून देणारा माणूस टेबलापाशी उभा आहे, विल्यम हॉलस्टेड. अतिशय सावकाश, ऊतींना न दुखवता काम करणारा.

टेबलाजवळच्या रबरी हातमोज्यांकडे बघा. काही वर्षांपूर्वी त्यांच्या परिचारिकेचे, कॅरोलाइन हॅम्प्टनचे, हात जंतुनाशकाच्या पाण्याने सोलपटून निघत होते. हॉलस्टेडनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करून घेतले. पुढे तिच्याशी लग्नही केलं. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये हा विचार मोज्यांना मागाहून चिकटला.

या वर्षी हॉलस्टेड आपल्या पन्नास ऑपरेशनांचा हिशेब छापतायत. स्तन, त्याखालचा स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकसंध काढायचं. युरोपातल्या नामांकित सर्जनांकडे निम्म्याहून जास्त बायकांना त्याच जागी रोग पुन्हा उगवत होता. इथे पन्नासांत तीन. हा खरा पराक्रम आहे, तो नाकारू नका. पण त्यांनी काय मोजलं ते नीट बघा. रोग त्या जागी परत आला का, हे मोजलं. बाई किती जगली, हा वेगळा प्रश्न. मुळासकट जितकं उपटू तितकं बरं, हे इतकं पटण्यासारखं वाटलं की पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या सर्जनांचे हात त्याच वाटेने गेले. तुमच्या सरांचे हात त्यांच्या सरांकडून शिकले, आणि त्या साखळीचं टोक या टेबलाशी बांधलेलं आहे.

परळ, १९८३

परत या. एका वॉर्डात असं काही चाललंय की ज्यात सर्जनला कामच नाही. लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरून राऊंड घेणारे डॉ. सुरेश अडवाणी अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉनल थॉमस यांच्याकडे अस्थिमज्जा रोपण शिकून आलेत. आता देशातलं पहिलं यशस्वी रोपण इथे होतंय. रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलीला तिच्या भावाची मज्जा.

तुम्हाला वाटतं, केवढी मोठी शस्त्रक्रिया असेल. तुम्ही काचेतून बघता. भावाच्या कमरेच्या हाडातून सुया घालून मज्जा काढलेली. मुलीची स्वतःची रोगट मज्जा औषधांनी आधीच जाळून टाकलीय. आणि रोपण म्हणजे काय, तर बाटलीतून रक्त चढवावं तशी शिरेतून जाणारी लालभडक मज्जा. तिला आपलं घर आपोआप सापडतं, पेशी हाडांत जाऊन वसतात. मग वाट बघायची. रोज सकाळी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि आकडा कागदावर मांडायचा. दिवसच्या दिवस तो तळाशी पडून राहतो. त्या खोलीपुरतं जगणं-मरणं त्या एका आकड्यावर लटकलेलं असतं.

इथे कुणाच्या हाताला गुण असून उपयोग नाही. इथे मोजता यावं लागतं.

लायब्ररी, १९८५

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चा मार्चचा अंक टेबलावर आहे आणि त्याभोवती कुजबुज. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर, स्वतः सर्जन. त्यांनी १,८४३ बायकांवर केलेल्या अभ्यासाचा पाच वर्षांचा निकाल. कुणाचा स्तन पूर्ण काढायचा आणि कुणाची फक्त गाठ, हे सर्जनने ठरवलेलंच नाही. चिठ्ठीने ठरवलं. गाठ काढून वर किरणांचा शेक दिलेल्या बायका, स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगल्या.

पुन्हा वाचा. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं एक ठाम मत चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याने पाडलं. फिशरांचं म्हणणं, रोग पसरायचा असला तर तो सुरी लागायच्या आधीच रक्तातून गेलेला असतो. मग तुम्ही किती रुंद कापलं याला तितकासा अर्थ उरत नाही. गेल्या तीन वर्षांत तुम्ही काढलेले स्तन आठवतात. त्यांतले किती वाचले असते? आणि चिठ्ठी टाकणं निर्दयी, की न मोजता ठामपणे कापत राहणं?

पण अंक मिटून ओपीडीत गेलात की अमेरिकेत न पडणारा प्रश्न समोर बसलेला असतो. स्तन वाचवायचा तर पाच आठवडे रोज शेक. लातूरच्या बाईने पाच आठवडे मुंबईत राहायचं कुठे? दादरच्या गाडगेबाबा धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक. नाही तर ती स्वतःच म्हणते, "काढूनच टाका. सुगीच्या आत घरी जायचंय." पुराव्याने वाचवलेला स्तन एका खाटेपायी जातो. उपचार ठरवताना गाठीच्या मापाबरोबर राहायचा पत्ता विचारायला तुम्ही त्या दिवसापासून शिकता.

संध्याकाळी तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये जाता. धुळीत शोधून सोलापूरच्या काकींची फाईल काढता. शेवटची नोंद तुमच्याच अक्षरात: टाके काढले, जखम कोरडी. पुढचं पान कोरं. तीन महिन्यांनी त्या आल्याच नाहीत. बऱ्या झाल्या म्हणून, की भाड्याला पैसे नव्हते म्हणून, की नाहीतच म्हणून? तुम्ही पत्र टाकता. उत्तर येत नाही. ज्या बाईने तुमच्या हाताला गुण दिला, तिला गुण आला का, हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि ही तीन वर्षं तुम्ही तिला मनातल्या मनात यशात धरून चालला आहात.

मुंबईतली एक झोपडपट्टी, २०००

केस कानांवर पांढरे झालेत. आता तुम्ही 'सर' आहात, आणि तुम्हाला हात दाखवायला बोलावलंय ते दहावी झालेल्या बायकांना.

टाटाने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास मांडलाय. निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी तपासायचं, चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नाहीत, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयाच्या मुखाला चार टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, म्हणजे साधारण घरचं व्हिनेगरच, आणि एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. सोबत स्तनांची हाताने तपासणी.

पत्र्याच्या खोलीत ताई घड्याळाकडे बघत उभी. साठ सेकंद. टॉर्च. "सर, इथे पांढरं." बरोबर आहे. त्या जागी अजून गाठ नाही, दुखणं नाही, काहीच नाही. तुमचं बोट आयुष्यभर जिथे पोचत होतं, त्याच्या दहा वर्षं आधी ती पोचलीय.

निकाल कळायला तुम्हाला थांबावं लागतं. २०१३ला आकडा येतो: तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. हातांच्या तपासणीचा हिशेब तर २०२१ला, वीस वर्षांनी. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. हाताचा गुण म्हणजे किती आणि कुणाला, हे आता लिहून दाखवता येतं. तो हात होता दहावी शिकलेल्या ताईचा.

याची किंमतही विसरू नका. उरलेल्या निम्म्या बायकांना माहिती दिली गेली, तपासणी नाही. देशात तेव्हा अशी सरसकट तपासणी कुठेच नव्हती, असं संशोधकांचं म्हणणं. माहीत असून वगळलंत, असा टीकाकारांचा आरोप. हा वाद ऐकताना तुम्हाला दोन्ही बाजू पटतात, आणि त्या रात्री झोप लागत नाही.

परळ, २०२३

गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. फुटपाथवर माणसं अजून झोपतात. तुमचं वय अडुसष्ट. आठवड्यातून दोन दिवस ओपीडी, ऑपरेशनं तरुणांकडे.

यंदा टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा अभ्यास छापून आलाय. देशातल्या अकरा केंद्रांवरच्या सुमारे सोळाशे बायका. निम्म्यांना गाठ काढण्यापूर्वी गाठीभोवती साधं भुलीचं औषध टोचलं, दात काढताना देतात तसलं, आणि काही मिनिटं थांबून सुरी लावली. पाच वर्षांनी टोचलेल्यांतल्या शंभरातल्या ९० हयात होत्या, न टोचलेल्यांतल्या ८६.

शंभरात चार. तुम्ही स्वतःच्या हाताकडे बघता. चाळीस वर्षांत कुठल्याही सर्जनच्या बोटांना हा फरक जाणवला नसता. जाणवणारही नाही. तो फक्त मोजल्यावर दिसतो, आणि मोजायला ती शंभर माणसं पाच वर्षांनी सापडावी लागतात.

पडद्याआड बाई बसल्यात. बार्शीच्या. गाठ काढलीय, स्तन शाबूत, पंचवीस शेक पूर्ण. रेसिडेंट मुलगी तपासतेय. बोटं सपाट, बाईच्या हाताचं ओझं आपल्या हातावर. सवयीने तुमचीही बोटं टेबलावर तशीच फिरतात.

बाई पदर सावरून तिला म्हणतात, "डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे बघा."

पोरीचा चेहरा खुलतो. तो चेहरा तुमच्या ओळखीचा आहे. तुम्ही हसता आणि फाईल पुढे ओढता.

"ताई, हा मोबाईल तुमचाच ना? अजून एक नंबर द्या. भावाचा, शेजारणीचा, कुणाचाही."

"आता कशाला? बरी झाले की मी."

"गुण आहे म्हणालात ना? तो आला का, ते आम्हाला कळायला नको?"

त्या पिशवीतून डायरी काढतात. रेसिडेंट आकडे लिहून घेते आणि एकदा वाचून दाखवते. तिसरा आकडा चुकलेला असतो. बाई तो दुरुस्त करून देतात.