आयमॅक प्रो की साधा आयमॅक?

घरात व्हिडिओ एडिटिंग शिकणारी मुलं असली की जुन्या बाजारातला 'प्रो' हमखास मोहात पाडतो. म्हणून ॲपलच्या २०१७ सालच्या दोन मॉडेलची तुलना आम्ही इथे देत आहोत.

पडदा दोन्हींचा २७ इंची, ५के. अमेरिकेत साध्याची किंमत १,७९९ डॉलरपासून होती, तर प्रोची ४,९९९ पासून. त्या किमतीत साध्यात ४ कोरचा आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम. प्रोमध्ये ८ कोरचा झिऑन, ३२ जीबी ईसीसी रॅम (मेमरीतल्या बारीक चुका स्वतःच दुरुस्त करणारी) आणि १ टीबी एसएसडी.

हे जास्तीचे कोर तासन्‌तास चालणाऱ्या रेंडरिंगला आणि थ्रीडी कामाला उपयोगी पडतात. ऑनलाइन क्लास, टायपिंग, हिशेब यांत ते रिकामेच बसतात. शिवाय साध्याची रॅम मागचं झाकण उघडून घरीच वाढवता येते. प्रोसाठी अख्खी मशीन उघडावी लागते.

सॉफ्टवेअरचंही बघा. २०१७ चा साधा आयमॅक व्हेंचुरावर थांबला. प्रो सेकोयापर्यंत चालतो, पण पुढची टाहो त्यालाही मिळत नाही. २०१९ चा साधा घेतला तर सेकोया त्यावरही चालते.

आमचा सल्ला एवढाच: रेंडरिंगच्या कामातून रोजी येत असेल तर प्रो बघा, शिकण्यापुरतं हवं असेल तर २०१९ चा साधा. नुसत्या नावासाठी व्याजाचा हप्ता गळ्यात घेणं म्हणजे इस्राफच.