तुंबणाऱ्या नळीचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींनी आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. शस्त्रक्रियेच्या नळीशी तुमचा काय संबंध?" संबंध आमच्या डाव्या डोळ्याचा आहे. मोतीबिंदू काढताना भूल फक्त थेंबांची होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. यंत्राचा बारीक सूर चढत गेला आणि डॉक्टर म्हणाले, "सर, अजिबात हलू नका." काही क्षणांनी सूर उतरला. नंतर कळलं, सुईच्या तोंडाशी तुकडा अडकला होता. एवढंच. पण या 'एवढंच'मागे मोठा इतिहास आहे. आज तो थोडक्यात पाहू.

सुश्रुतसंहितेतल्या उपायात गढूळ झालेलं भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारलं जाई, ते डोळ्यातच राही. सुमारे हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये अम्मार इब्न अली अल-मौसिली या वैद्याने धातूची पोकळ सुई वापरून मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत लिहून ठेवली. कल्पना चांगली होती, पण ती मऊ मोतीबिंदूपुरतीच चालणारी. उतारवयातलं भिंग कठीण असतं, ते बारीक नळीत शिरत नाही.

मग जास्त जोराने ओढावं, असं वाटतं. शहाळ्याच्या नळीत मलई अडकली की आपण हेच करतो ना? काय होतं? नळी चपटी होते, मलई हलत नाही. आणि सुटलीच, तर भसकन मोठा घोट येऊन ठसका लागतो. डोळ्यात हा ठसका परवडत नाही. भिंगाच्या पुढच्या पोकळीत जेमतेम पाव मिलिलिटर द्रव असतो आणि भिंगामागचा पडदा सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा. अडकलेला तुकडा एकदम सुटला की साठलेली ओढ द्रव खेचून घेते, पोकळी बसते आणि तो पडदा सुईकडे येऊ शकतो.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मन यांना १९६० च्या दशकात भिंग छोट्या छेदातून काढायचं होतं. त्यासाठी अनुदान मिळालं होतं, पण एकामागून एक प्रयोग फसत होते. अशात ते दंतवैद्याच्या खुर्चीत बसले. दातांवरचं कीटण काढणारं टोक स्वनातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरत होतं आणि त्यावर पाण्याची धार होती. केल्मन यांना वाट सापडली. १९६७ मध्ये त्यांनी हे तंत्र रुग्णावर वापरलं. आधी फोडायचं, पाण्यात कालवायचं, मगच ओढायचं. आज त्यालाच आपण 'फेको' म्हणतो.

हीच युक्ती पुढे मेंदूच्या गाठींसाठी वापरली गेली. १९७८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फ्लॅम, रॅन्सोहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला सुरुवातीचा अनुभव प्रसिद्ध केला. टायटॅनियमचं पोकळ टोक सेकंदाला सुमारे २३,००० वेळा थरथरतं, गाठ फोडतं आणि त्याच नळीतून शोषतं. इथे अडचण वाढली, कारण गाठीच्या चोथ्याबरोबर रक्तही आत येतं. टोक तापलं तर ते आतच थिजतं. नळी तुंबली की सर्जनला थांबावं लागतं, बारीक तार घालून ती मोकळी करावी लागते. तेवढ्यात जखमेत रक्त साचतं आणि नेमकं कुठे काम चाललं होतं ते दिसेनासं होतं. मेंदूत हा खोळंबा साधा नसतो.

यावरचा एक उपाय आम्हाला फार विचार करण्यासारखा वाटतो. टोकाजवळ नळीच्या भिंतीला दोन बारीक भोकं पाडली. बाहेरच्या आवरणातून जे सलाईन टोकाकडे वाहत असतं, त्यातलं थोडं या भोकांतून आत खेचलं जातं. आतली वाट ओली आणि थंड राहते, चोथा वाहून जातो. वरवर पाहता हे नुकसानच! भोक पाडलं म्हणजे तोंडाशी ओढ थोडी कमी होणार. पण ती थोडी सोडली म्हणूनच काम न थांबता चालतं.

पुढे फेकोच्या काही सुयांनाही बाजूला असंच सूक्ष्म भोक आलं. तिथे तुकडा तोंडाशी थोडा धरून ठेवणं गरजेचंच असतं, भीती असते ती सुटण्याच्या क्षणाची. तोंड बंद झालं तरी भोकातून थोडा प्रवाह चालू राहतो, म्हणून सुटतानाचा हिसका सौम्य होतो.

इतिहास लिहिताना आम्ही मंडळी एक चूक नेहमी करतो. जे घडलं ते लिहितो, जे घडू दिलं नाही ते सुटतं. केल्मन यांचं नाव राहिलं आणि ते राहायलाच हवं. पण नळी तुंबली नाही, पडदा फाटला नाही, याची नोंद कोण ठेवणार?

उजव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. यंत्र कोणतं, असं यावेळी आम्ही विचारलंच नाही. विचारलं, "या नळ्या धुतं कोण?" डॉक्टरांनी दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "सर, शस्त्रक्रिया संपली की लगेच आतून पाणी सोडायचं. एकदा वाळलं की मग कितीही धुवा, निघत नाही." म्हणजे आमच्या शस्त्रक्रियेतली नळी तुंबू नये याची निम्मी काळजी आमच्या आधीच्या रुग्णाचं काम संपताच घेतली जाते, आणि ती घेणाऱ्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. आता आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.