डोंगरउतार आणि अंगत्राण : डोंगरी सायकलस्वारीतील संरक्षक साधनांच्या निवडीचा इतिहास

चिलखत, शिरस्त्राण, बाहुत्राण हे शब्द उच्चारताच इतिहासाच्या अभ्यासकापुढे रणभूमी उभी राहते. अंगावर किती लोखंड वागवावे, हा प्रश्न प्रत्येक घोडेस्वारापुढे असे. भार वाढवावा तर वेग घटतो, भार टाकावा तर देह उघडा पडतो. हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे डोंगराच्या कच्च्या वाटेवरून सायकल हाकण्याच्या क्रीडेत, पुन्हा उपस्थित झाला. या क्रीडेचे वय पन्नास वर्षांच्या आसपास आहे. तिच्या आरंभीची छायाचित्रे, शर्यतींचे नियम आणि साधनांची मानके उपलब्ध असल्यामुळे, मनुष्य आपल्या संरक्षणाचे माप कसे ठरवितो या प्रश्नाचा साधार विचार करण्यास ती विशेष सोयीची आहे.

या विषयासंबंधी रूढ समजूत अशी की, प्रारंभीचे स्वार अज्ञानी किंवा बेफिकीर होते, पुढे ज्ञान वाढले आणि ज्ञानाबरोबर संरक्षणही वाढत गेले. ही प्रगतीची सरळ रेषा पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत कोणत्या आधारावर उभे आहे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

(१) रिपॅकची शर्यत

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यात टॅमलपाइस हा डोंगर आहे. त्या परिसरातील काही तरुणांनी १९७० नंतरच्या वर्षांत जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून खाली सोडण्यास प्रारंभ केला. या सायकलींना पायडल उलट दाबून लागणारा ब्रेक असे. दीर्घ उतारावर तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि खाली आल्यावर ग्रीस पुन्हा भरावे लागे. त्यावरून फेअरफॅक्स गावाजवळील एका उतारास 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणे', हे नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. मार्ग सुमारे दोन मैलांचा असून त्यात सुमारे १,३०० फुटांचा उतार होता. गॅरी फिशर याने तो ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केल्याची नोंद आहे. म्हणजे सरासरी वेग ताशी ४४ किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि ही सरासरी वळणांसह आहे.

वेंडी क्रॅग यांनी टिपलेली त्या काळातील छायाचित्रे या इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन होत. त्यांत स्वारांच्या अंगावर जाड जीनचे कपडे, पायांत कामकऱ्यांचे भक्कम बूट आणि हातांत चामडी मोजे दिसतात. मस्तके मात्र बहुतेकांची उघडी आहेत. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, ज्यांना धोक्याची जाणीवच नाही त्यांनी हातमोजे तरी का घालावेत? या स्वारांनी निवड केली होती, आणि तिला एक तर्क होता. तळहात सोलवटणे, गुडघा खरचटणे, घोटा दुखावणे या नित्याच्या इजा होत्या. त्यांवर त्यांनी घरातच सापडणारा उपाय योजला. डोक्याचा आघात विरळा, पण भयंकर. जो धोका वारंवार अनुभवास येतो त्यापासून मनुष्य आधी स्वतःस जपतो. जो क्वचित येतो तो कितीही घातक असला तरी मागे पडतो. या विषयाच्या पुढील इतिहासातही हेच सूत्र पुनःपुन्हा आढळते.

(२) शिरस्त्राणाची घडण व तिच्या मर्यादा

त्या स्वारांना शिरस्त्राण सहज उपलब्ध होते काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. रस्त्यावरील शर्यतींत तोवर चामड्याच्या भरीव पट्ट्यांची जाळीदार टोपी वापरीत. तिने कातडी खरचटण्याचे वाचे, पण कवटीवरील आघात शोषला जात नसे. पीट स्नेल हा मोटार-शर्यतपटू १९५६ साली डोक्यास इजा होऊन मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ १९५७ साली स्थापन झालेल्या संस्थेने शिरस्त्राणांची शास्त्रीय कसोटी घेण्याचे कार्य अंगावर घेतले. सायकलच्या शिरस्त्राणांसाठी तिने १९७० साली घालून दिलेली कसोटी इतकी कडक होती की, मोटारसायकलच्या जड शिरस्त्राणाखेरीज दुसरे कोणतेही तीत टिकत नसे. १९७५ साली बेल कंपनीने कठीण कवच आणि आत थर्मोकोलसारख्या फेसाळ पदार्थाचे अस्तर असलेले सायकलस्वाराचे शिरस्त्राण बाजारात आणले. म्हणजे रिपॅकच्या पहिल्या शर्यतीच्या वेळी हे साधन जेमतेम वर्षभराचे होते.

या अस्तराचे कार्य समजून घेणे अवश्य आहे. ते आघात परतवीत नाही. ते स्वतः चिरडले जाते आणि डोके थांबण्यास लागणारा काळ किंचित वाढविते. चिरडलेला फेस पूर्ववत होत नसल्यामुळे एका मोठ्या आघातानंतर ते शिरस्त्राण निरुपयोगी ठरते. १९९९ पासून अमेरिकेत लागू झालेल्या सरकारी मानकानुसार शिरस्त्राण सपाट ऐरणीवर दोन मीटर उंचीवरून पाडतात आणि आतील कृत्रिम मस्तकाचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींहून अधिक होता कामा नये अशी अट आहे. दोन मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटर होतो. मग ताशी चव्वेचाळीस किलोमीटरांनी जाणाऱ्यास त्याचा उपयोग काय, अशी शंका येईल. परंतु मार्गावर घसरत पडणाऱ्याचे डोके जमिनीवर लंबरूपाने ज्या वेगाने आपटते, तो बव्हंशी पडण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. वाटेकाठच्या झाडावर किंवा खडकावर सरळ आदळणाऱ्याची गोष्ट निराळी. मानकाने दिलेली हमी विशिष्ट मर्यादेपुरतीच असते. तिरप्या आघाताने मेंदूस बसणाऱ्या पिळाचा विचार तर बराच उशिरा झाला; स्टॉकहोम येथील मज्जाशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हालडिन यांनी शिरस्त्राणात सरकता थर बसविण्याचे संशोधन १९९० नंतरच्या दशकात हाती घेतले.

(३) सक्ती, विरोध आणि सवलत

साधन सिद्ध झाले म्हणून ते स्वीकारले गेले, असे मात्र घडले नाही. रस्त्यावरील व्यावसायिक शर्यतींचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९१ साली शिरस्त्राणाची सक्ती करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत स्वारांनी उघड विरोध केला आणि महासंघास माघार घ्यावी लागली. १८ जुलै १९९५ रोजी फ्रान्सच्या दीर्घ शर्यतीत पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर फाबियो कासार्तेली हा इटालियन स्वार पडून मरण पावला. १९९२ च्या ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाचा तो मानकरी होता. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. एवढे होऊनही नियम बदलला नाही. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीतच कझाखस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडून दगावला, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यात सक्ती लागू झाली.

या सक्तीतही प्रथम एक सवलत होती. शर्यतीचा शेवट दीर्घ चढणीवर होत असल्यास तेथे शिरस्त्राण काढण्याची मुभा होती. ती पुढे रद्द झाली. ही सवलत इतिहासकाराने दुर्लक्षू नये. स्वारांचा विरोध हा केवळ हट्ट नव्हता. चढावर वेग थोडा, घाम फार, आणि डोक्यावरील उष्णता असह्य. उतारावर याच्या उलट. संरक्षणाला किंमत असते आणि ती मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर सारखी नसते, हे त्या नियमानेच मान्य केले होते.

(४) प्रकारभेद व नियमांची भाषा

डोंगरी सायकलीची पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे झाली. तीत चढउतारांची लांब शर्यत आणि केवळ उताराची शर्यत असे दोन्ही प्रकार होते, तथापि सायकली व पोशाख यांत आजच्यासारखे अंतर पडले नव्हते. पुढे उतारशर्यतीच्या सायकलींना दोन्ही चाकांवर लांब हादरेशोषक आणि चकती-ब्रेक आले. त्यामुळे अधिक अवघड वाटा अधिक वेगाने उतरता येऊ लागल्या. त्याबरोबर मोटारसायकलच्या शर्यतींतून हनुवटी झाकणारे पूर्ण शिरस्त्राण आणि छाती-पाठीची कवचे आली. चढावर मात्र ही साधने गुदमरविणारी ठरली. म्हणून लांब शर्यतीचे स्वार हलक्या, छिद्रयुक्त शिरस्त्राणावरच राहिले. १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो या दुसऱ्या प्रकारास.

महासंघाच्या नियमांची भाषा येथे बारकाईने पाहिली पाहिजे. उतारशर्यतीत पूर्ण शिरस्त्राण सक्तीचे आहे, शर्यतीत आणि सरावातही. परंतु पाठ, कोपर, गुडघे, खांदे आणि मान यांच्या संरक्षणाविषयी नियम आग्रहाची शिफारस करतो, सक्ती करीत नाही. म्हणजे डोक्याचा निर्णय समाजाने आपल्या हाती घेतला आणि उरलेल्या देहाचा स्वाराकडे सोपविला. ज्या इजेनंतर मनुष्य स्वतःचा निर्णय सुधारू शकत नाही, तेथे नियम. जेथे तो अनुभवाने शिकू शकतो, तेथे सल्ला. असे या विभागणीचे तत्त्व दिसते. मानेच्या व पाठीच्या कण्याबाबत ही विभागणी टिकत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

मानेचेच उदाहरण घेऊ. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. ख्रिस लिएट यांनी एका मोटारसायकल अपघातानंतर मानेभोवतीचे आधारकडे तयार केले. उतारशर्यतीतील अनेक स्वारांनी ते काही वर्षे वापरले आणि पुढे त्यांतील बहुतेकांनी सोडले. गुडघ्यांच्या कवचांचा प्रवास उलट दिशेने झाला. कठीण प्लास्टिकची कवचे पायडल मारताना घासत, म्हणून लांबच्या वाटेवर ती पिशवीत पडून राहत. एरवी मऊ राहणारे आणि आघाताच्या क्षणी घट्ट होणारे पदार्थ आल्यावर तीच कवचे दिवसभर पायांवर राहू लागली. २०१३ साली सुरू झालेल्या एंड्युरो जागतिक मालिकेत उतारांची वेळ मोजली जाई, पण चढही स्वतःच चढावे लागत. अशा शर्यतींमुळे सुटी होणारी हनुवटीपट्टी असलेल्या शिरस्त्राणांना मागणी वाढली. धोका तोच असताना साधन वापरले जाणे वा न जाणे हे त्याच्या सोसवण्यावर अवलंबून राहिले. संरक्षणाची सरळ चढती रेषा येथे दिसत नाही.

(५) आकडे आणि आचरण

शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेविषयीचा वादही नमूद केला पाहिजे. सिअ‍ॅटल येथील रुग्णांवरून १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, शिरस्त्राणामुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असा निष्कर्ष काढला. तो पुढे वारंवार उद्धृत झाला. २०१६ सालच्या, चाळीस अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात ही घट डोक्याच्या एकंदर इजांसाठी ५१ टक्के आणि गंभीर इजांसाठी ६९ टक्के आढळली. आकडा खाली आला, पण दिशा कायम राहिली. दुसरीकडे, अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली मोटारगाड्यांविषयी मांडलेला, संरक्षण वाढले की मनुष्य धाडस वाढवितो, हा विचार सायकलस्वारांनाही लावला जातो.

या दोन विधानांत विरोध मानण्याचे कारण नाही. पडलेल्या मनुष्यास शिरस्त्राण वाचविते काय, हा एक प्रश्न. शिरस्त्राण घातलेला मनुष्य कोठे जाण्यास धजावतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याच्या बाबतीत उतारशर्यतीचा इतिहास असे सुचवितो की, सायकल, वाट आणि कवच ही तिन्ही एकमेकांना ओढीत पुढे गेली. त्यामुळे आजच्या कवचधारी स्वारास रिपॅकच्या उघड्या मस्तकाच्या स्वाराहून अधिक सुरक्षित म्हणण्यापूर्वी तो कोणत्या उतारावर उभा आहे हे विचारले पाहिजे.

उपसंहार

साधनसामग्रीविषयी एक सावधगिरी सुचविणे आवश्यक वाटते. छायाचित्रे शर्यतीतील स्वार दाखवितात, रविवारी सहज फिरावयास निघालेला मनुष्य नव्हे. आणि मानके उत्पादकाने काय करावे हे सांगतात, लोकांनी काय वापरले हे नव्हे. ही मर्यादा सांभाळूनही काही निष्कर्ष काढता येतात. संरक्षणाचे माप एका व्यक्तीस कायमचे लागू होत नाही. ते त्या दिवसाच्या वाटेचे माप असते. उतार किती, खडक किती, चढ किती, उष्णता किती आणि अपघात झाल्यास मदत किती दूर, यांवर ते ठरते. गुडघा-कोपरांच्या बाबतीत अनुभव हा बरा गुरू आहे. डोक्याच्या बाबतीत मात्र तो फार उशिरा शिकवितो. म्हणून तेथे स्वाराने दिवसाचा हिशेब मांडत बसू नये. कासार्तेली आणि किविलेव्ह यांच्या मृत्यूंमध्ये गेलेली आठ वर्षे त्याची साक्ष देतात. नियम करण्यास लागणारे ज्ञान त्या सर्व काळात उपलब्ध होते. उणीव होती ती निर्णयाची.