गायकसमूह ते संपादक : 'मोहीनेर घोडागुली'चा इतिहास

प्रादेशिक भाषेतील रॉकसंगीताचा विचार आपल्याकडे बहुधा 'पाश्चात्त्य प्रभाव' या एकाच संकल्पनेच्या आधारे केला जातो. प्रभाव कोठून आला, हे तिच्यामुळे कळते. तो कोणत्या देशी वाङ्मयव्यवहारात रुजला, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. कोलकात्यात १९७५च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या 'मोहीनेर घोडागुली' या बंगाली बँडचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

बँडचे नावच जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून घेतलेले आहे. नक्षलवादी चळवळीतील सहभागामुळे चट्टोपाध्यायांना कारावास घडला होता. त्यानंतर उभ्या राहिलेल्या या समूहाने बाउलगीत, जॅझ आणि रॉक यांची सांगड घातली. १९७७ ते १९७९ या काळात तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. परंतु रवींद्रसंगीत व चित्रपटगीते यांत मुरलेल्या श्रोतृवर्गाने त्यांना फारसा प्रतिसाद दिला नाही. १९८१मध्ये समूह विसर्जित झाला.

१९९५मध्ये कोलकात्याच्या पुस्तकमेळ्यात 'आबार बछर कुडि परे' हे संकलन प्रकाशित झाले. याही शीर्षकाचे मूळ जीवनानंदांच्या कवितेत आहे. येथे 'मोहीनेर घोडागुली' हे नाव गायकसमूहाचे न राहता संपादकाचे झाले : स्वतःच्या रचनांसोबत नव्या पिढीच्या गायकांची गाणी त्याने 'संपादित' केली. मराठी वाचकाला हे कार्य अपरिचित नाही. साठोत्तरी लघुनियतकालिकांनी ते कवितेच्या क्षेत्रात केले होते. १९९९मध्ये चट्टोपाध्यायांचे निधन होईपर्यंत अशी आणखी संकलने निघाली. मूळ समूह 'काळाच्या पुढे' होता, हे आज रूढ झालेले मत बऱ्याच अंशी या संपादनाचीच निर्मिती आहे. सत्तरीतील अपयशाला पूर्वपरंपरेचा दर्जा मिळाला, तो नव्वदीत वारसदार उभे राहिल्यामुळे.

या व्यवहाराची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. १९९५च्या संकलनातील 'पृथिबीटा नाकि' या गीताची चाल २००६मध्ये 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटात वापरली गेली. चाल देशभर पोहोचली. बंगाली शब्द, जीवनानंदांचे ऋण आणि पुस्तकमेळा हे सारे मागे राहिले. म्हणजे या संगीताची प्रादेशिकता स्वरांपेक्षा संहितेत आणि ती जपणाऱ्या वाङ्मयीन व्यवहारात आहे. म्हणूनच त्याची नोंद संगीताच्या इतिहासाइतकीच वाङ्मयेतिहासानेही घ्यावयास हवी.